उधळे कोण?

(तालुक्याच्या शिबिरात दुसऱ्या दिवशी एका पाड्यावरच्या महिला गटानं केलेलं भाषण. विषय दिला होता ‘श्रीमंती, चैन आणि आपण’. बोलताना आलेले शब्द शक्यतो तसेच ठेवले आहेत.)



शिबिराच्या दादांनी विषय सांगितला तेव्हा आम्ही हसलो. म्हटलं, दादा, श्रीमंतीवर आम्ही काय बोलणार? आम्ही तिची फक्त भांडी घासली आहेत. तर ते म्हणाले, मग भांड्यांपासूनच सुरू करा. म्हणून तिथूनच सुरू करतो.

हायवेपासून दीड कोस आत आमचा पाडा. पाड्याच्या खालच्या अंगाला साडेचार एकर भाताचं खाचर होतं. तिथं आता फार्महाऊस आहे. डोक्याच्या वर भिंत, भिंतीवर काचा लावलेल्या. आत हिरवळ आणि मधे पोहायचा तलाव. शेठ मुंबईचा, महिन्यातून एकदा येतो. गेल्या वैशाखात त्याच्या मुलीचं लग्न तिथं झालं. पाड्यावरची चाळीस माणसं कामाला लावली. आम्ही अकरा बाया भांड्यांवर होतो. रोज तीस रुपये, चार दिवस.

खोटं कशाला बोला, पहिल्या रात्री दिवे लागले तेव्हा आमचे डोळे दिपले. झाडाच्या फांदीफांदीला दिवा. जनरेटरच्या दोन गाड्या. पोरं भिंतीच्या बाहेर आंब्यावर चढून बसली होती, उतरायला तयार नव्हती. बर्फाचा एक हंस केला होता, माणसाएवढा. मांडवात ठेवला आणि तो तिथंच वितळून गेला. आमच्यातली एक म्हातारी विचारत होती, हा खायचा का? कोणी सांगितलं, नाय आजी, नुसता बघायचा. ती म्हणाली, मग लवकर बघून घेऊ.

वैशाखात आमच्या विहिरीला तळ लागतो. आम्ही झिऱ्यावर जातो, वाटीवाटीनं हंडा भरतो. एक हंडा भरायला तासभर बसावं लागतं. त्या चार दिवसांत फार्महाऊसला पाण्याचे चौदा टँकर आले. आमच्या पोरांनी मोजले. त्यातले बरेच हिरवळीवर आणि तलावात गेले, कारण पाहुणे येणार तर गवत हिरवं पाहिजे. शिवाय आत बोअर आहेच. तो मारल्यापासून आमच्या विहिरीचं पाणी होळीलाच खाली जातं, पूर्वी रामनवमीपर्यंत पुरायचं.

शेवटच्या दिवशी अन्न उरलं. भात, पुऱ्या, पनीर, तीन जातींची मिठाई. आम्ही मुकादमाला म्हटलं, पाड्यावर नेतो. तो वाईट माणूस नव्हता, पण म्हणाला, ‘नको बाय, उद्या कुणाचं पोट बिघडलं तर माझ्यावर येईल.’ मागच्या अंगाला खड्डा खणून सगळं पुरलं. खड्डा खणणारे आमचेच दोघे भाऊ होते. त्यांना त्याची वेगळी मजुरी मिळाली, पंधरा रुपये.

हे आम्ही पाड्यावर बोललो तेव्हा आमचीच तरुण पोरं काय म्हणाली ते ऐका. ‘पैसा त्याचा आहे. त्याला हवं तसं तो करील. तुम्ही कशाला जळता?’ हा प्रश्न साधा नाय. आम्ही तीन रात्री त्यावर भांडलो. त्या भांडणातून जे निघालं ते आज सांगतो.

पहिली गोष्ट. पैसा त्याचा असेल. पण तो पैसा ज्याच्यावर उधळला ते त्याचं होतं का? टँकरचं पाणी कुठल्यातरी गावच्या जमिनीखालून आलं. बोअरचं पाणी आमच्या विहिरीतून गेलं. जमिनीखाली भिंत नसते, भिंत फक्त वर असते. आणि ते साडेचार एकर? ते घर कधीच भिवंडीला गेलं. सातबाऱ्यावर आज नाव आहे दुसऱ्या तालुक्यातल्या एका आदिवासीचं. तो शेठचा ड्रायव्हर. का, तर १९७४ पासून जमीन महसूल कायद्याच्या ३६ अ कलमानं आदिवासीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय बिगर आदिवासीला घेता येत नाय. विकत नाय, गहाण नाय, भाड्यानंही नाय. म्हणून ड्रायव्हरच्या नावावर. बिचाऱ्या ड्रायव्हरला आपण साडेचार एकराचे मालक आहोत हे ठाऊक आहे की नाय, कोण जाणे. म्हणजे त्या हिरवळीखाली जी माती आहे ती कायद्यानं त्याची नाय, पाणी त्याचं एकट्याचं नाय. त्याचा फक्त पैसा.

श्रीमंत माणूस पैसा खर्च करतो असं आपण म्हणतो. पण पैसा काय, तो कागद एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. खर्च होतं ते पाणी, जमीन, लाकूड, आणि माणसाचे दिवस. आमचे अकराजणींचे चार दिवस खर्च झाले, ते परत यायचे नायत.

इथं एक गोष्ट सांगून ठेवतो, नायतर उगाच गैरसमज होईल. आपला तालुका मुंबईला पाणी पाजतो. तानसाचं धरण १८९२ सालचं, इंग्रजांनी बांधलं. मग १९५७ साली वैतरणेवरचं, त्याला मोडक सागर म्हणतात. मग भातसा. माणूस वाकून आत जाईल एवढे नळ आपल्या पाड्यांच्या बाजूनं जातात आणि नळाला कान लावला की आत पाणी पळतं ते ऐकू येतं. मे महिन्यात आपल्याच बाया डोक्यावर हंडे घेऊन त्या नळाच्या कडेनं चालतात. तरी आमचा राग मुंबईच्या चाळीतल्या बाईवर नाय. तीपण पहाटे उठून नळावर रांग लावते. तिनं प्यावं, पोराला आंघोळ घालावी. आमचं म्हणणं पिण्याच्या पाण्याबद्दल नाय, पोहण्याच्या पाण्याबद्दल आहे.

दुसरी गोष्ट पोरांनी काढली, ‘शेठमुळे काम तरी मिळतं.’ तेव्हा आम्ही कोळसा घेऊन भिंतीवर हिशेब केला. चाळीस माणसं, चार दिवस, तीस रुपये. झाले ४,८०० रुपये. त्याला बाराही महिने ठेवलेले दोन माणूस जोडा, एक वॉचमन, एक माळी, महिना नऊशे नऊशे. आता खाचराचा हिशेब. एकरी आठ क्विंटल भात धरला तर साडेचार एकरात ३६ क्विंटल. दर वर्षी. शिवाय पेंढा, शिवाय बांधावरची तूर, शिवाय पावसात बांधावरचे खेकडे, त्यांचा हिशेब कोण करतं? आणि आवणीला, कापणीला, झोडणीला लागणारी माणसं. पैशाच्या बाजूनं बघितलं तर माळी आणि वॉचमनचा पगार जड पडतो, हे कबूल करतो. पोरं तिथं खूश झाली. पण तेवढ्यात एक आजी म्हणाली, ‘पगार शेठच्या मर्जीचा. त्यानं उद्या फार्महाऊस विकलं तर? भात पावसाच्या मर्जीचा होता. पावसाला निदान कुणी साहेब म्हणत नव्हतं.’

पेपरात सगळ्यांनी वाचलं असेल, १९९५ च्या सप्टेंबरात मद्रासला एक लग्न झालं. तामिळनाडूच्या तेव्हाच्या मुख्यमंत्री जयललिता, त्यांच्या मानलेल्या मुलाचं. दीड लाखावर माणूस जेवला म्हणतात. जगातली सगळ्यात मोठी लग्नाची पंगत म्हणून गिनेसच्या पुस्तकात नोंद झाली. आणि ह्याच बाई मुख्यमंत्री म्हणून महिन्याला एक रुपया पगार घेत होत्या. आमच्या शाळेतल्या गुरुजींनी हे वाचून दाखवलं तेव्हा एक पोर म्हणाला, एक रुपयात एवढी पंगत होत असेल तर आपणही करू. हसू आलं, पण पोरानं बरोबर जागी बोट ठेवलं. पंगत कितीची झाली हे पुस्तकात आलं. ती कुठून आली ते पुस्तकात नाय.

कोणी म्हणेल, लोकांना जेवायला तर घातलं. हो, घातलं. जेवण घालणं वाईट कसं म्हणू? पण सोयऱ्याच्या पंगतीला आपण बसतो तेव्हा आपलं एक दिवशी येणं आणि त्याचं एक दिवशी येणं असतं. मोठ्यांच्या पंगतीला बसणाऱ्यानं परत बोलवायचं नसतं, फक्त बघून जायचं असतं. तिथं पाहुणा म्हणजे त्या हंसासारखाच, शोभेला ठेवलेला. हे आमचं मत. कुणाला पटणार नाय तर सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘उधळे’ हा शब्द कुणाला लावतात? आम्हालाच लावतात. आपले लोक कर्ज मागायला गेले की साहेब म्हणतो, तुम्ही आदिवासी उधळे. लग्नात ताडी-दारूवर घालवता, नाचता, मग सावकाराकडे जाता. सरकारी भिंतीवर लिहिलेलं असतं, लग्नात वायफळ खर्च टाळा. कुठल्या फार्महाऊसच्या भिंतीवर असं लिहिलेलं कुणी पाहिलंय? आदिवासीनं पाचशे उधळले तर ते व्यसन, शेठनं पाच लाख उधळले तर ती हौस.

आमच्या गटातल्या दोघी आज्यांची माणसं डहाणू-तलासरीकडची. त्यांच्या आईबापांनी लग्नगड्याचं आयुष्य काढलं. तरुण पोरांना हा शब्दच ठाऊक नाय, म्हणून सांगतो. लग्नाला शे-दोनशे रुपये लागायचे. ते जमीनदार-सावकाराकडून काढायचे. फेड म्हणून नवरा-बायको दोघांनी त्याच्या घरी राबायचं. मजुरी नाय, हिशेब त्याच्या वहीत, आणि वही वाचता येणारा तो एकटा. कर्ज फिटायचंच नाय. बाईच्या अब्रूवरही मालकाचा हक्क, हे आजी अजून खालच्या आवाजात सांगते. लग्न एका दिवसाचं आणि गुलामी जन्माची. म्हणून कित्येक जोडपी लग्न न करताच संसार करत. पोरं मोठी व्हायची, पोराच्या लग्नाच्या मांडवात आईबापाचंही लग्न लागायचं. बाहेरचे लोक त्याला हसायचे. त्यात आपल्या म्हाताऱ्यांची अक्कल होती, कर्ज काढण्यापेक्षा थांबलेलं बरं.

मग १९४५ साली २३ मे ला उंबरगाव तालुक्यात झरी गावात हजारो वारली जमले. शामराव आणि गोदावरी परुळेकर होते. ठरलं, वेठ करायची नाय, लग्नगडी राहायचं नाय. गोदुताईंनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात ते सगळं लिहिलं आहे, शिबिराच्या पेटीत प्रत आहे, ज्यांना वाचता येतं त्यांनी रात्री बाकीच्यांना वाचून दाखवावं. पुढे गवताचा लढा झाला. पाचशे पौंड गवत कापायला अडीच रुपये मागितले, एवढीच मागणी. ऑक्टोबरात तलवाड्याला जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या, जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले. ते गवत मुंबईच्या तबेल्यांना जायचं. त्याच्यावर जमीनदारांचे माड्यांचे वाडे उभे राहिले. आता सांगा, उधळे कोण होते? अडीच रुपये मागणारे, का वाडे बांधणारे?

पण सगळा दोष बाहेरच्यांवर ढकलून आम्ही घरी जाणार नाय. जव्हारला गेलात तर जयविलास राजवाडा बघा. मुकणे राजे महादेव कोळी, म्हणजे आदिवासीच. १९४८ ला संस्थान विलीन होईपर्यंत राज्य होतं. राजवाडा देखणा आहे, दगड न् दगड. त्याच जव्हार तालुक्यात १९९२ साली वावर-वांगणीला पोरं कुपोषणानं मेली तेव्हा देशभरच्या पेपरात आलं. राजाच्या जातीनं प्रजेचं पोट भरलं नाय. आणि आज? आपल्याच काही लोकांनी जीप घेतली, स्लॅबचं घर बांधलं, मुंबईच्या शेठला जमिनी दाखवत फिरतात. तो आपल्या जातीचा आहे म्हणून त्याचा खर्च वेगळा मोजायचा का? आमच्यात यावर दोन मतं आहेत. काही बाया म्हणतात, त्याच्या पोरीच्या पायात चप्पल आली याचं आपल्याला बरं वाटलं पाहिजे. चप्पल यावी. जीप कुणाच्या सातबाऱ्यावरून आली तेवढं विचारू.

गांधीजी म्हणत, श्रीमंतानं आपल्या संपत्तीचा मालक नाय, विश्वस्त म्हणून राहावं. विनोबा १९५१ पासून पायी जमीन मागत फिरले. त्यांच्याबद्दल आदर आहे. पण विश्वस्त म्हटला की हिशेब आला, देवळाच्या विश्वस्तालाही वर्षाला हिशेब द्यावा लागतो. शेठचा हिशेब कोणापुढे होतो? कायद्याचं बघा. १९६१ चा सीलिंग कायदा सांगतो, कोरडवाहू जमीन ५४ एकरांवर ठेवता येणार नाय. मुंबईत मोकळ्या जागेला ५०० चौरस मीटरची हद्द होती, १९७६ चा कायदा, २००७ पर्यंत. ते कायदे किती पाळले ते सोडा, पण सरकारनं एकदा तरी मान्य केलं ना, की एका माणसाकडे किती असावं याला हद्द आहे? जमिनीला हद्द असते तर चैनीला का नसावी? किती रुपयांपर्यंत चैन आणि किती रुपयांनंतर पाप, तो आकडा आम्हाला काढता येत नाय. आम्ही दोनच प्रश्न विचारतो. हे कुणाच्या वाट्यातून काढलं? आणि झाल्यावर मागे काय राहिलं?

हेच दोन प्रश्न आता आमच्या दारात आले आहेत. त्यासाठीच खरं तर आम्ही बोलायला उभ्या राहिलो.

येत्या वैशाखात आमच्या पाड्यावर एक लग्न आहे. नवरदेवाची आई आमच्याच गटात आहे, इथं बसली आहे, तिला विचारून बोलतो. पोरगा कारखान्यात जातो. त्यानं शेठकडचं लग्न आंब्यावरून बघितलेलं. त्याला बँड पाहिजे, व्हिडिओ पाहिजे, मंडप डेकोरेशन, भाड्याची गाडी. देज द्यायचं आहे ते वेगळं. घरात पैसा नाय. शेठच्या माणसानं सांगितलं, पंधरा हजार रोख देतो, वरच्या दोन एकर वरकसावर सही द्या, स्टॅम्प पेपर मी आणतो. ‘विकायचं नाय, नुसतं लिहून ठेवायचं.’ त्या वरकसातूनच झिऱ्याची पायवाट जाते. तिथं भिंत आली तर पाड्याला मे महिन्यात पाणी नाय.

पोराला शिव्या देणं सोपं आहे. आम्ही दिल्या पण. मग तो म्हणाला, ‘शेठनं केलं तर तुम्ही भांडी घासायला गेलात. मी केलं तर मीटिंग घेता.’ त्यावर आम्हाला उत्तर सुचलं नाय. खरंच आहे. गरिबानं हौस करू नये असं आम्हाला म्हणायचं नाय. आमच्या लग्नातही खर्च असतोच. सवाशिणी तांदळाच्या पिठानं चौक लिहितात, धवळेरी रात्रभर गाते, तारपा वाजतो, सगळा पाडा भात आणि उडदाची डाळ जेवतो, ताडी होते. साहेबाच्या हिशेबात हे सगळं वायफळ. आमच्या हिशेबात ते पाड्यातल्या पाड्यात फिरतं. आज माझ्या दारात, उद्या तुझ्या. त्यातला खड्ड्यात काय पुरतो आपण? पोरगा म्हणतो, तारपा जुना झाला. असेल. बँड वाजवू दे, पण बँडच्या बदल्यात झिरा नको.

पाड्यानं एक मार्ग काढला आहे. लग्न ठरलेली आणखी दोन घरं आहेत आणि एक जोडपं लग्नाविना दहा वर्षं नांदतंय. चारही लग्नं एका मांडवात. दर घरामागे दोन पायली तांदूळ आणि एक दिवसाचं काम. बँडचे पैसे चौघांत वाटून. व्हिडिओ नाय, फोटो काढू. पोरानं अजून हो म्हटलेलं नाय, नाय पण म्हटलेलं नाय. त्याच्या आईचंही मन दोन्हीकडे आहे, काल रात्री ती झोपली नाय. तिच्यावर कुणी दबाव टाकू नये. जमीन तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे, तोही अजून गप्प आहे.

शेठचा माणूस स्टॅम्प पेपर घेऊन होळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी येणार आहे. आम्हाला तेव्हा तुम्ही तिथं हवे आहात. भांडायला नाय, बसायला. ३६ अ कलम त्याला वाचून दाखवायचं आहे. कायद्याच्या शिबिराला गेलेल्या दादांपैकी एकानं तरी यावं. ज्यांच्या पाड्यावर असे कागद आधीच झाले असतील त्यांनी सातबाऱ्याची आणि फेरफाराची नक्कल आणावी. १९५७ ते १९७४ च्या मधले व्यवहार असतील तर तेही आणा, त्यासाठी वेगळा कायदा आहे, जमीन परत मागता येते. शनिवारी रात्री मुक्कामालाच या. भात-डाळ पाड्यावर मिळेल. पाण्याचं मात्र तुम्हाला सांगितलंच, येताना एकेक कॅन भरून आणलात तर बरं होईल.